समुद्र नाही, तापी तर आहे

सुट्टी लागली की मुलांचा हट्ट सुरू होतो, "समुद्र दाखवा." जळगाव-धुळ्याहून समुद्र गाठायचा तर दोन-तीन दिवस हवेत आणि खिसाही भरलेला हवा. पण एका दिवसात होण्यासारखा काठाकाठाचा रस्ता आपल्याकडेही आहे: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला तापीचे खोरे, मध्ये केळीच्या बागा. जळगावकरांनी चोपड्याकडून यावे, धुळेकरांनी शिरपूरकडून, आणि थांबावे तापीकाठच्या थाळनेरला.

हे साधे गाव एकेकाळी खानदेशची राजधानी होते. फिरोजशाह तुघलकाने 1370 साली हा मुलूख मलिक राजा यांना दिला. त्यांच्या फारुकी घराण्याने 1601 पर्यंत इथे राज्य केले. 1399 मध्ये वारलेले मलिक राजा आणि घराण्यातले आणखी काही जण थाळनेरलाच दफन आहेत. त्यांचे पुत्र नासिरखान यांनी पुढे तापीच्याच काठी बुऱ्हाणपूर वसवले.

मुलांना सांगा, हीच तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते आणि मुघल काळात हजची जहाजे सुरतेहूनच सुटत. "तुम्ही मूळचे कुठले?" असे कुणी शाळेत विचारले की मूल गोंधळते, कारण त्याचे उत्तर आपण घरी कधी दिलेलेच नसते. सहाशे वर्षांपूर्वीच्या कबरींसमोर ते त्याला आपोआप सापडते. मात्र बढाई नको. जमिनीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, ही कुरआनची शिकवण आहे. राज्ये गेली, दगड राहिले, हेही मुलांना दिसू द्या.

फज्रनंतर लगेच निघा. ऊन चढण्याआधी मकबरे पाहून होतात. तिथे सलाम करा, दुआ मागा. कबरींवर कुणी बसू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत. बॅरेजमुळे तापीला उन्हाळ्यातही खोल पाणी असते, तेव्हा मुलांना नदीत उतरू देऊ नका. दुपार सावलीत काढा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टरबूज आणि कैरीचे पन्हे पुरे. आणि भगिनींनो, त्या दिवशी दस्तरखान अंथरणे, वाढणे, आवरणे हे सारे मुलांवर आणि त्यांच्या अब्बूंवर सोपवा. सुट्टी तुमचीही आहे.