ओट्याचा सनमायका सुटला तर

होटगी रोडवरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नव्या फ्लॅटमध्ये हौसेनं ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करून घेतलं. गॅसचा मोठा ओटा ग्रॅनाइटचा आहे, त्याची काही तक्रार नाही. पण मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर ठेवायला जो बाजूचा ओटा प्लायवूडवर सनमायका लावून केला, त्याची पुढची कड सुटली आहे, कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि मध्ये एक फुगवटा आला आहे. बोलावलेला मिस्त्री म्हणाला, "आपा, इत्ते से काम के वास्ते कोन आता? पूरा नया डालो." खर्च ऐकून त्या गप्प बसल्या. घरी काही करता येईल का, असं विचारतात.

येईल. पण या आठवड्यात करा, रमजानच्या साफसफाईपर्यंत थांबू नका.

बेगम पेठेतल्या, विजापूर वेशीजवळच्या जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा नाहीतर शहाबादी फरशीचा. त्याचा कोपरा फुटला तरी खाली काय, दगडच. वीस-वीस वर्षं तो फुटका कोपरा तसाच वापरला जातो. सनमायक्याचं तसं नाही. तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. तपकिरी कागदाचे थर राळेत भिजवून, वर नक्षीचा एक कागद ठेवून, उष्णता आणि प्रचंड दाबाखाली ते एकजीव केलेले असतात. (टवका उडाला की कडेला जी काळपट रेघ दिसते ती त्याच कागदांची.) अमेरिकेत 1913 च्या सुमारास हा प्रकार निघाला तो विजेच्या सामानात अभ्रकाऐवजी वापरायला, अभ्रक म्हणजे मायका, म्हणून त्याचं नाव फॉर्मायका. आपल्याकडचं सनमायका हे नावसुद्धा एका कंपनीचंच, पण आता कुठल्याही कंपनीच्या पत्र्याला आपण तेच म्हणतो.

तर वरचा पत्रा पाण्याला दाद देत नाही, खालचं लाकूड मात्र देतं. आणि आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी हंडे, कळश्या, कॅन भरून मिळेल त्या जागी ठेवले जातात, आणि ती जागा नेमकी हा बाजूचा ओटा असते. ओल्या बुडाचा हंडा पुढच्या पाण्यापर्यंत तिथेच. सुटलेल्या कडेतून ते पाणी आत जातं, प्लायचे थर उकलतात. खाली पार्टिकल बोर्ड असेल तर तो भिजलेल्या पावासारखा फुगतो आणि परत कधी बसत नाही. मग मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं.

म्हणून आधी तपासणी. बोटाच्या पेरानं ओटाभर ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे पेन्सिलीनं खूण करा. ट्रॉली बाहेर काढून ओट्याची खालची बाजूही बघा. अंगठ्यानं दाबल्यावर लाकूड मऊ लागलं, भुसा पडला किंवा वाळवीची माती दिसली, तर चिकटवाचिकटवीत पैसे घालू नका, तेवढा भाग बदलावाच लागेल. लाकूड टणक असेल तर पुढे वाचा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाळवणं, आणि यात सगळे घाई करतात. ओलं लाकूड वरून बंद केलं तर ते आतल्या आत कुजतं. कडेत आइस्क्रीमच्या काड्या खोचून ती किंचित उघडी ठेवा, दोन दिवस समोर टेबलफॅन लावा. आपल्या एप्रिल-मेच्या हवेचा हा एक तरी फायदा. पावसाळ्यात चार दिवस धरा.

वाळल्यावर आतला जुना गम आणि धूळ पातळ सुरीनं, मग पॉलिशपेपरनं काढा. चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो, पण पाण्याजवळची जागा असेल तर दुकानात पाण्याला टिकणारा मागा. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं तो आतपर्यंत सारवा, कड दाबा, बाहेर आलेला ओल्या फडक्यानं पुसा. वर वर्तमानपत्र, त्यावर सपाट फळी, त्यावर पाटा-वरवंटा. चोवीस तास हलवायचं नाही. मिस्त्री वापरतात तो पिवळा रबरी गम लवकर धरतो. तो दोन्ही बाजूंना लावून, दहा-पंधरा मिनिटं सुकू देऊन मग दाबायचा असतो. एकदा टेकला की सरकवता येत नाही. शिवाय त्याची वाफ पेट घेते. गॅस सिलिंडरपासून बंद, देवळी-शेगडी काही पेटलेलं नको, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. घरात गरोदर बाई असेल तर तो आणूच नका, पांढराच बरा.

मधला फुगवटा बहुतेक वेळा गरम भांड्यानं येतो. त्यावर सुती कापडाची घडी ठेवून मध्यम गरम इस्त्री थोडी थोडी फिरवा. खालचा गम मऊ होतो. लगेच वजन ठेवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नका. तळहातापेक्षा मोठा फुगवटा असेल तर मात्र मिस्त्रीच बोलवा.

उडालेला तुकडा सापडला तर जपून ठेवा, फेवीक्विकच्या एका थेंबानं तो असा बसतो की पाहुण्यांना दिसत नाही. हरवला असेल तर एम-सील. दोन्ही गोळे एक रंग होईपर्यंत मळा, खळग्यात दाबा, ओल्या बोटानं सपाट करा. रात्रभर राहू द्या. सकाळी आजूबाजूला चिकटपट्टी लावून मगच घासा, कारण सनमायक्यावर पॉलिशपेपर फिरला की नक्षीचा कागद जातो आणि तो परत आणता येत नाही. रंगासाठी मुलींच्या नेलपॉलिशच्या बाटल्या बघा, एखादी जुळतेच.

जळलेल्या डागाला औषध नाही. भाकरीचा तवा सनमायक्याला सोसेल त्याच्यापेक्षा फार तापलेला असतो. काळा डाग घासत बसण्यापेक्षा त्या जागी एक टाइल किंवा गुळगुळीत शहाबादीचा तुकडा बसवून घ्या. पुढचा तवाही तिथेच ठेवता येईल. हळदीच्या डागाला खाण्याच्या सोड्याचा लेप द्या, तो पुसून सॅनिटायझरचा बोळा फिरवा. खिडकीतून ऊन येत असेल तर उरलेलं पिवळेपण तेच नेतं. तारेची घासणी आणि ॲसिड या ओट्याला लावू नका.

सगळं सामान मिळून पाव किलो मटणाच्या आसपास खर्च येतो. काम झालं की भिंतीच्या आणि सिंकच्या सांध्यात सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि हंड्याखाली प्लास्टिकचा ट्रे किंवा तिवई ठेवा.

ज्यांचं फर्निचर सध्या चालू आहे त्यांनी एवढं करावं: सनमायक्याची शीट आठ बाय चार फुटांची येते, तिच्या पट्ट्या उरतातच. त्या मिस्त्रीला नेऊ देऊ नका. एक-दोन पट्ट्या माळ्यावर टाका आणि शेडचा नंबर ट्रॉलीच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. कंपन्या रंग बंद करतात, मग तोच रंग अख्ख्या सोलापुरात हिंडलात तरी मिळत नाही.