कानसेन घडविणारी गोष्ट

रायगडच्या किनारपट्टीवर सुरांची वानवा कधीच नव्हती. अलिबाग, चौल, रेवदंड्यापासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंत आषाढी-कार्तिकीला, गोकुळाष्टमीला आणि गणेशोत्सवात पखवाज व पेटीचा नाद घुमतो. मात्र याच गावांतील सुशिक्षित घरात मुलाच्या शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की पहिली चौकशी होते ती परीक्षेची. प्रारंभिक केव्हा, प्रवेशिका केव्हा आणि दहावीच्या निकालात वाढीव गुण किती, एवढ्यावरच चर्चा संपते. परीक्षेने शिस्त येते, हे मान्यच. तथापि प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यानंतर पेटी माळ्यावर जाणार असेल आणि तो मुलगा पुढे आयुष्यात कधी एखाद्या मैफलीला जाऊन बसणार नसेल, तर त्याच्या हाती संगीत नव्हे, केवळ गुणपत्रिका लागली असे म्हणावे लागेल.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हा धोका शतकापूर्वीच ओळखला होता. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गाणे राजदरबाराच्या आणि घराण्यांच्या चौकटीतून सामान्य घरात आणण्याचा त्यांचा संकल्प होता. लहानांसाठी त्यांनी क्रमिक पुस्तके लिहिली. सगळेच तानसेन होणार नाहीत, पण कानसेन अवश्य व्हावेत, अशी त्यांची धारणा असल्याचे सांगितले जाते. गाणारा एक आणि ऐकणारे शंभर, हे प्रमाण लक्षात घेतले तर समाजाची अभिरुची त्या शंभरांवरच तोलून असते. त्या शंभरांची तयारी मात्र वर्गात नव्हे, घरात होते. आणि घरातील शिक्षणाचे सर्वांत जुने साधन म्हणजे गोष्ट.

अलीकडे मुलांना शास्त्रीय संगीताची ओळख सचित्र कथांतून करून देण्याचे प्रयत्न होत आहेत. काही जाणकारांना त्यात उथळपणाची भीती वाटते. रागाचे चित्र काढले की राग स्वस्त होतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु ही कल्पना परकी नाही. रागमाला चित्रांची परंपरा शतकांची आहे. सहा राग आणि तीस रागिण्या असे कुटुंब कल्पून आपल्या चित्रकारांनी प्रत्येकाला रूप दिले. भैरव शिवस्वरूप झाला, हिंदोल झोपाळ्यावर बसला, आणि तोडी हाती वीणा घेऊन वनात उभी राहिली तेव्हा हरणे तिच्याभोवती जमली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी चित्रे जपून ठेवलेली आहेत.

चित्र आणि स्वर यांच्या या नात्याचा एक धागा थेट रायगडच्या किनाऱ्याला येऊन मिळतो. जंजिऱ्याच्या नबाबाची बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैजी या संगीताच्या अभ्यासक होत्या. त्यांचे पती सॅम्युअल रहमीन हे पुण्यात जन्मलेले, मूळ बेने इस्रायल घराण्यातील चित्रकार. आणि या बेने इस्रायल समाजाचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्या समाजाची परंपरा आहे. एकाच घरात सूर आणि कुंचला असे एकत्र नांदले. अतिया यांचा भारतीय संगीतावरील सचित्र ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत होता आणि प्रौढ जाणत्या वाचकांसाठी होता. मुरूडच्या शाळेतील मुलाला उपयोगी पडेल असे मराठी पुस्तक त्यातून जन्मले नाही. विद्वत्ता परदेशी पोहोचली, घरचे अंगण तसेच राहिले, असे आपल्याकडे अनेकदा घडत आले आहे.

तरीही केवळ चित्राने काम भागत नाही. रागमालेतील तोडी कितीही रमणीय असली तरी ते चित्र पाहून तोडीचा कोमल गंधार कानात उमटत नाही. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह याने १९३६ मध्ये मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा रचली. तीत पक्ष्यासाठी बासरीसारखे वाद्य, आजोबांसाठी खर्जातील वाद्य, लांडग्यासाठी शिंगांचा आवाज अशी योजना आहे. मूल गोष्टीत रमते आणि नकळत वाद्ये ओळखू लागते. गोष्टीचे पान उलटले की सूर कानी पडलाच पाहिजे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दुसरे पथ्य आशयाचे. तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटविले, मल्हार गाऊन पाऊस पाडला, या कथा मुलांना आवडतात. १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्रकथे’ने घडविलेल्या वाचकांच्या पिढ्यांना तानसेन चित्रांतूनच भेटला. परंतु चमत्कारावर थांबलेल्या मुलाला पुढे खरे गाणे ऐकवले, तर दिवा न लागल्याने त्याचा विरस होतो. त्यापेक्षा माणसांच्या खऱ्या कथा अधिक बळ देतात. फटाक्याच्या अपघाताने बालपणीच दृष्टी अधू झालेले विष्णु दिगंबर मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकले. क्षयाने अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व देवासला माळव्याची लोकगीते ऐकत राहिले आणि त्याच सुरांतून नवे राग घेऊन उभे राहिले. अकरा वर्षांचे भीमसेन १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घरातून निघाले, दूरदूर भटकले. आणि अखेर गुरू लाभले ते घरापासून फारसे दूर नसलेल्या कुंदगोळ येथे, सवाई गंधर्वांच्या रूपाने. या कथांत कष्ट आहेत, निष्ठा आहे, आणि मुलाला आपलेसे वाटेल असे धैर्य आहे.

भीमसेनांच्या त्या कथेतील मर्म रायगडच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. गुरू जवळच असतो, शोधणाऱ्याची दृष्टी हवी. पनवेलजवळ पळस्पे येथे रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी धृपदाचे गुरुकुल उभारले. वीणेची घडण त्यांनी गंभीर आलापीला साजेल अशी बदलून घेतली. धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर (१९३२-२०१३) यांनी तेथे अनेक शिष्य घडविले. पेण-अलिबागकडून रस्त्याने मुंबईला जाणारी मुले पळस्पे फाट्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करतात. तेथे काय घडले हे त्यांना कोणी सांगितले आहे काय? धृपदाला साथ पखवाजाची असते, आणि तोच पखवाज त्यांच्या गावच्या भजनी मंडळात वाजतो. एवढे एक वाक्य आणि त्यासोबत दोन्ही वादनांची पाच-पाच मिनिटे, इतक्यानेही गावचे देऊळ आणि धृपदाची मैफल यांच्यामधील भिंत कोसळते.

किनाऱ्यावरच्या मुलाला आणखी एक अनुकूलता आहे. संधिप्रकाश म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही; समुद्रात बुडणारा सूर्य तो रोज पाहतो. पहाटेचा भैरव आणि सायंकाळचा मारवा या दोहोंत कोमल ऋषभ असतो. मात्र भैरवात शुद्ध मध्यम आहे, तर मारव्यात तीव्र. एकाच आकाशाच्या या दोन वेळा चित्रात शेजारी ठेवून ऐकवाव्यात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा मल्हाराची गोष्ट सांगावी. सा रे ग प ध या पाच स्वरांचा भूप पेटीवर वाजवून दाखवावा. मग गंधार काढून तेथे शुद्ध मध्यम ठेवावा, की दुर्गा रागाचे स्वर उभे राहतात. एक भाऊ गेला, दुसरा आला आणि घराचे रूपच पालटले, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलालाही कळते. शाखेच्या घोषात रागांवर बांधलेल्या रचना वाजविणाऱ्या किशोरांनाही त्या रागाची मैफल ऐकविली, तर त्यांच्या वादनाला अर्थ येईल.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. गावचे वाचनालय, चित्रकलेचे एक शिक्षक, भजनी मंडळातील एखादे पेटीवादक आणि महिन्यातून एक रविवार एवढ्याने आरंभ होऊ शकतो. गोष्ट मराठीत असावी, चित्रे मुलांनीच काढावीत आणि शेवटी दहा मिनिटे सर्वांनी, पालकांसह, मोबाईल बाजूला ठेवून शांत बसून ऐकावे. ही शेवटची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. वडील ऐकत नाहीत ते मुलगाही ऐकत नाही. मुलाच्या हाती पुस्तक देऊन स्वतः दूरदर्शन संचासमोर बसणाऱ्या पालकाने अभिरुची आपोआप रुजेल अशी अपेक्षा धरू नये.

अभिजात संगीताचा वारसा भाषणांनी टिकत नाही. तो कानांवाटे एका पिढीकडून दुसरीकडे जातो. गोष्ट आणि चित्र हा त्या वारशाचा उंबरठा आहे. तो ओलांडताना मुलाचे बोट घरच्यांनीच धरायचे आहे.