गाडी विकायची घाई कुणाला?

यवतमाळ जिल्ह्यात चारचाकीच्या बाबतीत सध्या तीन मतं अगदी ठामपणे ऐकवली जातात. गाडीला सहा-सात वर्षं झाली की काढून टाकावी, पुढे ती खर्चात पाडते, हे पहिलं. दोन कंपन्यांनी मिळून काढलेली गाडी घेऊ नये, भागीदारी मोडली की तिला वाली उरत नाही, हे दुसरं. आणि डिझेल गाडी तर दहा वर्षांनी सरकारच मोडीत काढणार, म्हणून आधीच विकलेली बरी, हे तिसरं. लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या आवारात, कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ही मतं सारख्याच आत्मविश्वासाने मांडली जातात. तिन्ही चुकीची आहेत. नुसती चुकीची असती तर वाद घालायचं कारण नव्हतं. पण या मतांपायी चांगल्या चालत्या गाड्या पडेल भावात जातात आणि बरी खातीपिती घरं नव्या कर्जात उतरतात, म्हणून हा लेख.

दहा वर्षांच्या डिझेलचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर मिटतो. राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आदेश आणि त्यावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेलं शिक्कामोर्तब, दोन्ही दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते आहेत. डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा वर्षं ही अट तिथली. एमएच 29 पाटीच्या गाडीला ती लागू नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपली की आरटीओत गाडी दाखवायची, तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढच्या पाच वर्षांची नोंदणी मिळवायची. या नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये ते 10,000 करण्यात आलं. ही वाढ मला मान्य नाही. जुनी गाडी नीट ठेवणाऱ्याला दंड कशासाठी? पण शुल्क वाढलं म्हणजे बंदी आली असं होत नाही. 2021 च्या भंगार धोरणातही खाजगी गाडीची कसोटी तपासणीत पास होते की नापास, हीच ठेवली आहे. दिल्लीची बातमी वाचून घाबरलेल्या मालकाची गाडी कोण उचलतो आणि किती फरकाने पुढे विकतो, याची चौकशी प्रत्येकाने आपापल्या गावात करून पाहावी.

आता खर्चाचं बोलू. जुनी गाडी खर्चात पाडते असं म्हणणारा माणूस गॅरेजचं बिल बघतो, बँकेचं बघत नाही. दहा लाखांचं कर्ज नऊ टक्के दराने सात वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता साधारण 16,100 रुपये बसतो आणि सात वर्षांत व्याजापोटीच साडेतीन लाख जातात. शिवाय गाडीची किंमत घसरते ती वेगळीच. विमा कंपन्या ज्या तक्त्याने गाडीची किंमत धरतात, त्यात पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्मी किंमत उडालेली असते. म्हणजे घसरणीचा सगळ्यात तीव्र उतार पहिल्या पाच वर्षांत असतो. दर सहा वर्षांनी गाडी बदलणारा अठरा वर्षांत हा उतार तीनदा उतरतो, एकच गाडी ठेवणारा एकदा. जुन्या गाडीला क्लच, सस्पेन्शन, टायर, बॅटरी, एसीचं काम असं सगळं धरून वर्षाला तीस हजार लागतात असं समजा. दहा वर्षांचे तीन लाख झाले. नव्या गाडीचं नुसतं व्याजच याहून जास्त आहे.

आपल्या जिल्ह्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. इथला बहुतेक पैसा शेवटी कापसातून आणि सोयाबीनमधून येतो. दुकानदाराचा, डॉक्टरचा, वकिलाचा, शिकवणी घेणाऱ्या मास्तरांचासुद्धा. कापूस घरात येतो दिवाळीच्या पुढेमागे आणि त्याचा पैसा होतो त्यानंतर. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्त्याची सोय बँकांनी केलेली आहे, कारण पीक कधी निघतं हे त्यांना ठाऊक आहे. कारचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो, मग तो महिना जूनचा असो की ऑगस्टचा. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, तेव्हा ज्याच्या दारात फिटलेल्या कर्जाची जुनी गाडी उभी होती आणि ज्याच्या दारात हप्त्याची नवी, त्या दोघांचं ते वर्ष सारखं गेलं नाही.

या वादात खरा जीव आहे तो भागीदारीच्या मुद्द्यात. आक्षेप असा की दोन कंपन्या एकत्र येतात, मोठ्या जाहिराती करतात, चार-पाच वर्षांत भांडून वेगळ्या होतात आणि ग्राहक सुट्या भागांसाठी वणवण फिरतो. उदाहरणं दिली जातात ती खरी आहेत. प्रीमियर आणि प्यूजो यांनी कल्याणजवळच्या कारखान्यात 309 काढली 1994 मध्ये, आणि 1997 पर्यंत प्यूजो निघूनही गेली. देवूची सिएलो आणि मॅटिझ घेतलेल्यांचेही पुढे हाल झाले. पण यावरून भागीदारी वाईट असा निष्कर्ष काढायचा असेल तर बाकीचा इतिहास झाकून ठेवावा लागेल.

महाराष्ट्रातला मोटारधंदा उभाच राहिला भागीदाऱ्यांवर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती आधी क्रायस्लरच्या आणि मग फियाटच्या साथीने. फियाट 1100 पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, बिल्ल्यावरून इटली गेली, गाडी राहिली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. तिचं उत्पादन त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं. टाटांनी 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार केला, तो 1969 मध्ये संपला, आणि ट्रक धावतच राहिले. महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. विलीज ही कंपनी 1953 मध्ये अमेरिकेतच कैसरच्या ताब्यात गेली. तिच्या जीपचे वंशज आपल्याकडे दिग्रस-पुसद, वणी-मारेगाव, आर्णी-घाटंजी अशा वाटांवर काळी-पिवळी होऊन माणसं, पोती, बकऱ्या आणि वराती वाहत राहिले. त्या महिंद्रांच्या बॉनेटखाली कधी प्यूजोचं डिझेल इंजिन असे, तर कधी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाच्या कुळातलं. म्हणजे गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री जीपही खोलू शकत होता. काळी-पिवळीतली दुसरी गाडी ट्रॅक्स. ती पुण्याच्या बजाज टेम्पोची, आणि तिचं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं.

भागीदारी मोडूनही या गाड्या टिकल्या आणि 309 टिकली नाही, याचं कारण उघड आहे. टिकलेल्या गाड्यांचे भाग इथेच बनू लागले होते, एकाच इंजिनावर पुष्कळ गाड्या चालत होत्या आणि ते दुरुस्त करणारी माणसं तालुक्यातालुक्यात तयार झाली होती. 309 च्या वेळी यातलं काही व्हायच्या आत भागीदार उठून गेला. तेव्हा करार किती वर्षं टिकला यापेक्षा करार असेपर्यंत इथे काय रुजलं, हे पाहायला हवं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसीचं डिझेल इंजिन. टाटा आणि फियाट यांचा रांजणगावला संयुक्त कारखाना, आणि तिकडे मारुतीने हेच इंजिन परवाना घेऊन स्वतः बनवलेलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या पोटात तेच. 2020 मध्ये बीएस-6 चे नियम आले तेव्हा मारुतीने ते बंद केलं. आज यवतमाळच्या बसस्टँडजवळ भाड्याच्या डिझायर उभ्या असतात, त्यांच्यासाठी टर्बो, इंजेक्टर, टायमिंग चेन यांपैकी काहीही मिळतं आणि इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आहेत. पुंटोवाल्याचं इंजिन याच जोरावर चालतं. त्याला त्रास होतो तो हेडलाइट फुटला किंवा दाराची काच गेली तर, कारण तेवढा भाग एकट्या पुंटोचा होता. एकाच गाडीत जो भाग वाटून घेतला गेला तो टिकला, आणि जो एकट्याचा राहिला तो अडला. भागीदारीला नावं ठेवणाऱ्यांनी या गाडीकडे जरूर पाहावं.

लोगनचंही तेच झालं. महिंद्रा-रेनोंनी ती 2007 मध्ये आणली, रेनो 2010 मध्ये बाहेर पडली, महिंद्रांनी तीच गाडी व्हेरिटो नावाने चालू ठेवली, आणि तिचं डिझेल इंजिन पुढे डस्टरमध्येही आलं. उलट ज्या कंपन्या एकट्याने बाजारात उभ्या होत्या त्यांचं काय झालं? तळेगावला मोठा कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने महिंद्रांशी ऑक्टोबर 2019 मध्ये केलेला करार 31 डिसेंबर 2020 ला गुंडाळला आणि नऊच महिन्यांत, सप्टेंबर 2021 मध्ये, इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवू असं कंपनीने सांगितलं हे खरं, पण त्यासाठी नागपूर गाठायचं म्हटलं की दीडशे किलोमीटर जाणं, दीडशे येणं आणि अख्खा दिवस. हे मालक भागीदारीमुळे अडचणीत आले नाहीत, भागीदारी न झाल्यामुळे आले.

टोयोटाचा बिल्ला लावलेली मारुती म्हणजे ग्राहकाची फसवणूक, असंही एक म्हणणं आहे. 2019 मध्ये ग्लान्झा आली ती मुळातली बलेनोच होती आणि सुझुकीच्या गुजरातेतल्या कारखान्यातून निघाली. दोन्ही कंपन्यांनी हे लपवलेलं नव्हतं. त्या वेळी बलेनोला दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटरची वॉरंटी होती, ग्लान्झाला तीन वर्षं किंवा एक लाखाची. तीच गाडी आणि हमी दीडपट! 2024 मध्ये मारुतीनेही आपली वॉरंटी तीन वर्षं आणि एक लाख किलोमीटर केली. यात ग्राहकाचं काय बिघडलं? उमरखेड किंवा पांढरकवड्याच्या माणसाला त्या गाडीचा फिल्टर नि ब्रेक पॅड मारुतीच्या भागांच्या दुकानात मिळणार असेल, तर बिल्ला कुणाचाही असो.

एका आक्षेपात मात्र दम आहे आणि तो मी मान्य करतो. खूप जुन्या गाडीत एअरबॅग नसतात, एबीएस नसतं. 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकापुरती एअरबॅग सक्तीची झाली. ज्याला रोज 44 नंबरच्या महामार्गावरून पांढरकवडा-नागपूर करावं लागतं, त्याने पोराबाळांना जुन्या ओम्नीत बसवून जाऊ नये. पण यातून निघतं एवढंच, की 2019 नंतरची गाडी घ्या आणि मग ती वीस वर्षं ठेवा. धुराचंही तसंच आहे. बीएस-6 चा धूर कमी, यात शंका नाही. पण नवी गाडी घडवायला लागणारं पोलाद आणि वीज कोळशावरच उभी आहे, आणि कोळसा खणताना उडणारी धूळ काय असते ते वणीकर रोज पाहतात.

मात्र गाडी ठेवायची म्हणजे नुसती दारात उभी करायची नव्हे. आपल्याकडच्या गाड्या कंपनीच्या दोषाने जितक्या मरतात त्याहून जास्त रेडिएटरमध्ये ओतलेल्या बोअरच्या पाण्याने मरतात. एका गॅरेजात मी उभा असताना मिस्त्रीने बारा वर्षांच्या डिझायरचं झाकण उघडलं. आत तांबूस गाळ. त्याने तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, तर खाली खडूसारखी पांढरी कच लागली. "हे पाहा भाऊ, कूलंट कधी टाकलंच नाही. बोअरचं पाणी टाकत राहिले," तो म्हणाला, "आता हेड उतरवा लागते." गाडीचा मालक शेजारीच उभा होता आणि गाडी विकून टाकतो असं म्हणत होता. आपल्या भूजलात क्षार जास्त, काही तालुक्यांत फ्लोराइडही. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात. क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, आणि लोक म्हणतात गाडी जुनी झाली. कूलंट वेळच्या वेळी बदलणं, काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच साफ करणं, सरकी-ढेप ठेवलेल्या गोठ्याशेजारी गाडी लावली तर उंदरांनी वायर कुरतडल्या का ते रोज बघणं, एवढं केलं तरी गाडीच्या आयुष्यात पुष्कळ वर्षं पडतात.

राहिलं काम कंपन्यांचं आणि सरकारचं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं, त्यात मोटारीही आहेत. पाऊल चांगलं, पण पोर्टलवर कंपनीचा पत्ता सापडल्याने मारेगावात क्लच प्लेट मिळत नाही. मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं भाग पुरवायचे याची मुदत कायद्याने बांधून द्यावी, आणि भागीदारीतल्या गाडीबाबत ती दोन्ही कंपन्यांवर बंधनकारक असावी. एक उठून गेली तर जबाबदारी दुसरीवर यावी. विजेच्या गाड्यांसाठी हे लवकर व्हायला हवं. त्यांची बॅटरी एका कंपनीची, मोटार दुसरीची, संगणकीय प्रणाली तिसरीची असू शकते, आणि ती प्रणाली कुलूपबंद ठेवली तर आपला मिस्त्री बॉनेट उघडूनही काही करू शकणार नाही. तोवर नवी गाडी बघायला गेलात तर टचस्क्रीन किती इंचांची हे नंतर विचारा. आधी हे विचारा की हे इंजिन आणखी कोणकोणत्या गाड्यांत आहे, ते बनतं कुठे, आणि त्याचा क्लच, वॉटर पंप आणि हेडलाइट आज यवतमाळात कुणाच्या फळीवर आहे. सेल्समन फळीवरचं सामान दाखवू शकला नाही, तर सही करू नका.