कोणाचं प्रेत झाकायचं?

दोस्तांनो, पेपरवाले म्हणतात, युद्धातली फाटकी प्रेतं छापू नयेत, वाचकाला चहा जात नाही. मी केदारखेड्यातून इचारतो : कोणत्या वाचकाला? अन् कोणाची प्रेतं?

१९७२ साली व्हिएतनाममधली नापामनं भाजलेली नागडी पोर जगभरच्या पेपरांनी छापली. पण १९९१ ते २००९ अमेरिकी सरकारनं डोव्हरच्या तळावर उतरणाऱ्या आपल्या शिपायांच्या शवपेट्यांचा फोटोसुद्धा काढू दिला नाही. त्यांचं मरण खाजगी, दुसऱ्याचं चव्हाट्यावर!

आपलं युद्ध तर गावातच. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे घरातली चार माणसं मारली. मोठे पेपर कित्येक आठवडे गप्प. मग प्रेतांचे फोटो हातोहात फिरले. रस्ते पेटले, खरंय. पण जिची गावानं विटंबना केली, तिला पुन्हा चौकाचौकात उघडी टाकणं म्हणजे न्याय नव्हे.

म्हणून सांगतो : अंग झाका, गुन्हा झाकू नका. मारणाऱ्याचं नाव छापा, त्याची जात छापा, त्याला पाठीशी घालणारा छापा. फोटोआधी घरच्यांना इचारा. स्वतःच्या आईचा फोटो असा छापाल का? ह्या सवालाला जो बगल देतो, त्यानं आम्हाला नीतिमत्ता शिकवू नये.