इंजिनाचा आजीबाईचा बटवा

माणूस म्हातारा झाला की तो इतरांना सल्ले देतो. मोटार म्हातारी झाली की इतर तिला सल्ले देतात! जुन्या फियाटचे बॉनेट रस्त्याच्या कडेला उघडून तर पाहा, पाच मिनिटांत चार वैद्य गोळा होतील. एक म्हणेल, ऑइलमध्ये थोडे रॉकेल घाला. दुसरा म्हणेल, जाड ऑइल भरा. तिसरा गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगेल.

या बटव्याला सरसकट हसण्याचे कारण नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही १०८९ सीसीची साधीसुधी गाडी. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, सारे हाताला लागणारे. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. तरी मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. एवढे आयुष्य तिला लाभले, त्यात फुटपाथवरच्या मिस्त्रीच्या हिकमतीचा वाटा मोठा आहे.

पण वाचकहो, मळ आणि झीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटल्या असतील, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल रात्रभर मुरवल्याने त्या सुटू शकतात. ते जुने ऑइल मात्र नंतर बदललेच पाहिजे. हा उपाय मळावरचा. बोअरच झिजला असेल, तर कोणत्याही बाटलीतून लोखंड परत येत नाही. तेथे बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, म्हणजे सरळ इंजिनकाम, हाच मार्ग.

मग जाड ऑइल काय करते? सायलेन्सरचा निळा धूर काही दिवस कमी दाखवते. हळद रेडिएटरचे छिद्र बुजवते, पण त्याच्या बारीक नळ्याही बुजवू शकते, आणि मग इंजिन तापते. रॉकेलमिश्रित ऑइलवर गाडी पळवली तर ऑइल पातळ होऊन बेअरिंगांचा बळी जातो.

माझा आक्षेप उपायांना नाही, त्यांमागच्या लपवाछपवीला आहे. विकण्यापूर्वी जाड ऑइल भरलेली गाडी शेवटी कोणाच्या गळ्यात पडते? कर्ज काढून पोटासाठी जुने वाहन घेणाऱ्याच्या! धूर महिन्याभरात परत येतो; हप्ते मात्र पुढे वर्षानुवर्षे चालू राहतात.

म्हणून बटव्यातले पहिले औषध निदानाचे असावे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा बोअरचा. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. चमचाभर ऑइलच खरे बोलते, आणि डबाभर ऑइल खोटे बोलू शकते!

परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड घोकणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. धूर दिसेनासा झाला म्हणजे इंजिन सुधारले असे नव्हे.