रद्दीच्या काट्यावरचं पुस्तक

दिवाळीच्या साफसफाईत मुलाच्या कपाटातून अकराशे पानांचा एक ठोकळा निघाला. फोली, व्हॅन डॅम, फायनर आणि ह्यूज यांचं कॉम्प्युटर ग्राफिक्सचं पाठ्यपुस्तक, १९९० ची दुसरी आवृत्ती. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा. इंजिनिअरिंगला असलेली पुतणी म्हणाली, "काका, थांबा. हे अजून वाचण्यासारखं आहे का?"

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला त्यातलं काय कळणार? पण बँकेत जन्मभर आकडे जुळवले, त्यामुळे ब्रेझनहॅमची रीत तेवढी कळली. संगणकाचा पडदा म्हणजे चौकटींची वही. तीवर तिरकी रेघ ओढायची, तर प्रत्येक घरात थोडी चूक उरते. ती टाकायची नाही, पुढे ओढायची. अर्ध्या घरापलीकडे गेली की एक ओळ वर चढायचं. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, १९६५ साली छापलेली. आमच्या खतावणीतली पुढे ओढलेली बाकी ती हीच!

हे शिळं होत नाही. आकृती फिरवण्याचं गणित किंवा उजेडाच्या छटांची फाँगची १९७५ ची रीतही नाही. शिळं झालंय ते सॉफ्टवेअर. पास्कलमधले ते नमुने आज कोण चालवणार? आजच्या ग्राफिक्स कार्डाचा तर त्यात पत्ताच नाही. त्यासाठी २०१३ ची तिसरी आवृत्ती पाहावी.

"पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नकोस," मी म्हटलं, "पण घेऊन जा."

रात्री मुलाचा परदेशातून फोन आला. म्हणाला, "माझ्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नको म्हणावं तिला."