मोतिया कोणता, पांढरा की काळा?

आजाराचे नाव नीट कळले नाही की उपचाराची वेळ चुकते. डोळ्यांच्या बाबतीत तर हे फार महागात पडते. मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हींच्या शेवटी 'बिंदू'. उर्दूत दोन्ही 'मोतिया', एक सफेद आणि एक काला. जामखेडकडच्या आमच्या घरांत बोलताना हा रंगही गळून पडतो आणि उरते एवढेच, "अब्बा को मोतिया है, पकने दो."

पण हे दोन आजार अगदी वेगळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. हल्ली त्यासाठी तो 'पिकण्याची' वाट पाहावी लागत नाही. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस खराब होत जाते. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे हे घडते. बहुधा दुखत नाही, आधी कडेचे दिसणे कमी होते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर कळले तर थेंबाच्या औषधांनी, गरज पडल्यास लेसर किंवा शस्त्रक्रियेने, उरलेली वाचवता येते. म्हणजे 'पकने दो' हे शब्द इथे अंधत्वाला आमंत्रण ठरतात.

कुणी म्हणेल, वैद्यकीय शब्द अवघडच असणार. इतिहास तसे सांगत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणले आणि डोळ्यांवर स्वतःही लिहिले. त्या परंपरेत डोळ्याच्या आतल्या पडद्याला ग्रीकांप्रमाणेच जाळ्यावरून नाव मिळाले, 'शबकिया'. पुढे बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि लॅटिनमधल्या जाळ्याच्या शब्दावरून 'रेटिना' आला. आपला 'जालपटल' हा शब्दही तेच सांगतो. दुसऱ्या एका थराला अरबांनी द्राक्षावरून 'इनबिया' म्हटले. जाळे आणि द्राक्ष कोणाला कळत नाही?

आज मात्र मराठी शाळेतले मूल 'दृष्टिपटल' पाठ करते, उर्दू शाळेतले 'शबकिया', डॉक्टर 'रेटिना' म्हणतात आणि घरी आजी 'पडदा' म्हणते. हे चारही शब्द एकाच वस्तूचे आहेत, हे मुलाला कोणी सांगत नाही. त्यामुळे "शुगरमुळे पडद्यावर परिणाम झालाय" हे वाक्य ऐकूनही घरात कोणी घाबरत नाही.

यावरचा मार्ग आपल्या जामखेडने जगाला दाखवला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या बायकांनी शेजारणींना आरोग्याच्या गोष्टी आपल्याच बोलीत समजावल्या.

शिक्षकांनीही हेच करावे. डोळ्याचा धडा शिकवताना फळ्यावर चारही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत आणि गावच्या ग्रामसभेत दोन मिनिटे सांगावे की चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, डोळ्यांचा दाब तपासून घ्या. शुगर असेल तर दरवर्षी पडदाही तपासा. आणि डॉक्टरांनी 'मोतिया' म्हटले तर लगेच विचारा, "कोणता? पांढरा की काळा?"